आप्पांना 'पाणी' म्हणता येत नाही, हरिपाठ म्हणता येतो

ओसरी (धागाकर्ती), सोमवार रात्री ११.१०

नमस्कार. सात-आठ वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं पोटात घाला.

आप्पा म्हणजे माझे वडील, वय ७४. बार्शी तालुक्यात आमचं कोरडवाहू गाव. ज्वारी, तूर, अलीकडे सोयाबीन. आप्पा गावच्या भजनी मंडळाचे वीणेकरी, चाळीसेक वर्षं तरी. मी नोकरीसाठी पुण्यात. देवाधर्माचं म्हणाल तर माझ्या घरात देव्हारा आहे आणि त्यावर धूळही आहे.

फेब्रुवारीत एका पहाटे आई चहा घेऊन गेली तर आप्पांचं तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लुळा. अंगावरून वारं गेलं म्हणून शेजारच्यांनी तेल चोळायला सांगितलं, त्यात सकाळ गेली. सोलापूरला दवाखान्यात पोचेस्तोवर दुपार. मेंदूत डाव्या बाजूला गुठळी. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समजतं सगळं. कोण आलं, कोण गेलं, दुधाचा हिशेब चुकला, सगळं. पण शब्द ओठावर येत नाही. पाणी हवं असलं तरी 'ता', लघवीला जायचं असलं तरी 'ता'. आपल्याला कळलं नाही की डोळ्यांत पाणी.

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशीची गोष्ट. दिवेलागणीला देवळाच्या कर्ण्यावर हरिपाठ सुरू झाला. आई चुलीपाशी, मी खाटेशेजारी औषधांच्या चिठ्ठ्या लावत बसलेले. आणि मागून आवाज आला, 'देवाचिये द्वारी उभा क्षणभरी, तेणे मुक्ति चारी साधियेल्या'. अख्खं. एक अक्षर न अडखळता. घोगरा, पण सुरात. आईची भाकरी तव्यावर करपली, तिला भान नाही. हरिपाठातले पहिले चार अभंग म्हणून आप्पा थांबले. मी धावत जाऊन म्हटलं, 'आप्पा, पाणी म्हणा. पा-णी.' आप्पा म्हणाले, 'ता.'

आता खरं सांगते. मला आनंद झाला नाही, संताप आला. ज्याने तुमची वाचा नेली त्याच्या नावापुरती तेवढी शिल्लक ठेवली? आणि तुम्ही त्याचंच कौतुक गाताय? त्यात आप्पांचा चेहरा असा की जेवून तृप्त झालेल्या माणसाचा असतो. दवाखान्यात आठ दिवस हा चेहरा मी पाहिला नव्हता.

मला विचारायचंय ते एवढंच. वाईट दिवसांत देवाचं गुणगान करून माणसाला समाधान मिळतं म्हणजे नेमकं काय होतं? श्रद्धा? सवय? भूल? ज्यांनी स्वतः भोगलंय त्यांनी लिहा. 'त्याची इच्छा', 'सगळं चांगल्यासाठीच होतं' असलं कृपया कोणी लिहू नका, ते नातेवाइकांकडून भरपूर मिळालंय.

गुळपोळी, सोमवार रात्री ११.२५

बापरे. काय लिहावं कळेना. वाचतेय. आईंना सांभाळा.

डॉ_बिनफीचे, सोमवार रात्री ११.५२

तुमच्या 'काय होतं'चं अर्धं उत्तर माझ्याकडे आहे, त्यात देव नाही म्हणून रागावू नका.

बहुतेकांचं बोलणं डाव्या मेंदूत असतं. सूर-ताल मात्र दोन्हीकडे पसरलेले, उजव्याचा वाटा मोठा. शिवाय पाठ झालेलं बोलणं आणि नवं वाक्य जुळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. म्हणून वाचा गेलेल्या माणसाला एक ते दहा आकडे म्हणता येतात, आठवड्याचे वार येतात, आरती येते. 'पाणी' हा शब्द त्या क्षणी शोधून काढावा लागतो, तिथे गाडी अडते. यावरूनच १९७३ च्या सुमारास बोस्टनमधल्या डॉक्टरांनी एक उपचारपद्धत बसवली. छोटी वाक्यं सुरात म्हणायची, प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने ठेका धरायचा आणि हळूहळू सूर काढून घ्यायचा. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण वाचा-उपचारतज्ज्ञाला विचाराच. पहिले काही महिने महत्त्वाचे.

अजून एक. पाठ झालेल्या गोष्टींत शिव्याही येतात. त्याही टिकतात. आप्पांच्या टिकल्यात का?

आणि वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं, यातलं काहीही अचानक झालं तर तेल नको, लिंबूपाणी नको, झोपवून वाट बघणं नको. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. भजन नंतर.

ओसरी, मंगळवार सकाळी ७.०५

डॉक्टर, पहाटे तुमचा प्रतिसाद वाचून मी एकटीच हसले. हो. एक शिवी टिकलीये. चांगली तीन शब्दांची, बैलाला देतात ती. उजव्या पायाचा व्यायाम घ्यायला मुलगा येतो, त्याला रोज मिळते. आईला वाटतं आप्पांची शुद्ध गेलीये, कारण आयुष्यात घरात त्यांनी कधी शिवी दिली नव्हती. वीणेकरी ना.

तर्ककर्कश, मंगळवार सकाळी ९.४०

ताई, तुमच्या संतापाशी शंभर टक्के सहमत. हा संताप घालवू नका.

'ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असो द्यावे समाधान' ही ओळ आमच्या गावात सगळ्यात जास्त कोणाच्या तोंडी असायची माहीतेय? सावकाराच्या. व्याज चढत असायचं, कुळाच्या चित्ती समाधान असायचं. दु:खात देवाचं कौतुक करायला शिकवणं म्हणजे ओरडू पाहणाऱ्याच्या तोंडात खडीसाखर घालणं. सिंचन नाही, आरोग्यकेंद्रात डॉक्टर नाही, पण सप्ताहाला मांडव आहे. तुमच्या आप्पांची सकाळ तेल चोळण्यात गेली, ती कोणी परत देणारे का?

आप्पांबद्दल अनादर नाही. हलके घ्या.

नाना_टाळकरी, मंगळवार दुपारी १.१५

राम कृष्ण हरी.

तर्कराव, अर्धा अभंग सांगून सावकारच फसवतो, तुम्ही फसवू नका. पुढं आहे, 'वाहिल्या उद्वेग दु:खचि केवळ, भोगणे ते फळ संचिताचे. तुका म्हणे घालू तयावरी भार, वाहू हा संसार देवा पायी'. संसार टाकू, असं नाही म्हणाले. वाहू म्हणाले. ओझं तेच, फक्त कोणाच्या भरवशावर उचलायचं ते सांगितलं. संचिताचा शब्द तुम्हाला टोचेल, टोचू दे, तो मलाही कधी कधी टोचतो.

आणि हे कोण म्हणतोय ते बघा. १६३० च्या दुष्काळात ज्याचं दुकान बुडालं, 'स्त्री एकी अन्न अन्न करिता मेली' असं ज्याने स्वतःच्या बायकोबद्दल लिहून ठेवलं तो. असल्या माणसाला समाधानाचं व्याख्यान द्यायची हौस नसते.

ओसरीताई, तुमच्यासाठी एक गोष्ट. सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकवत नाहीत, तुम्ही घरात बघितलं असेलच. दोन-दोन तासांचा पहारा असतो. रात्री दोन ते चारचा पहारा सगळ्यात वाईट. देवळात कुत्रं नसतं. गळ्यात वीणा, पाय भरून आलेले, डोळ्यावर झोप, आणि तोंडाने नाम चालू ठेवायचं. त्या वेळी भाव वगैरे काही नसतो माउली. मी खोटं नाही सांगत. नुसतं उभं राहायचं असतं, पुढचा येऊन वीणा गळ्यात घेईस्तोवर. माझा थोरला मुलगा गेला त्या साली मंडळींनी मला मुद्दाम हाच पहारा दिला. कोणी समजूत काढली नाही, बरं केलं. दोन तास मला काहीतरी धरून उभं राहायचं होतं, ते मिळालं. चारला खाली बसलो तेव्हा रडू आलं, पण रडता आलं. आधी येत नव्हतं.

तुम्ही विचारलं नेमकं काय होतं. मला एवढंच झालं.

गुळपोळी, मंगळवार दुपारी १.३०

नाना __/\\__

वसईकरीण, मंगळवार संध्याकाळी ६.२०

मी वसईची कॅथलिक. इथे माझं काम आहे का माहीत नाही, पण धागा सोडवेना.

आमच्याकडे बायबलमध्ये दीडशे स्तोत्रं आहेत. मूळ हिब्रूत त्या पुस्तकाचं नाव 'तेहिलिम', म्हणजे स्तुतिगीतं. आता नाव स्तुतीचं, आणि उघडून बघा तर पानोपानी रडगाणं. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' हे त्यातल्या बाविसाव्या स्तोत्रातलं, येशूने क्रुसावर म्हटलेलं. बहुतेक रडगाणी शेवटाकडे वळतात, 'तरी मी तुझं स्तवन करीन' म्हणतात. पण अठ्ठ्याऐंशीवं वळतच नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. कोणाला ते काढून टाकावंसं वाटलं नाही. ज्यांनी पोथी बांधली त्यांनी त्यालाही स्तुतीतच धरलं.

माझ्या नवऱ्याचा कॅन्सर सापडला त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, आमचा रोझरीचा महिना, आळीतल्या बायका रोज संध्याकाळी घरी यायच्या. मला तोंड उघडवत नव्हतं. मी नुसती माळ धरून बसायचे. अर्धी प्रार्थना एकीने म्हणायची, उरलेली सगळ्यांनी, अशी आमची रीत. माझ्या वाटची अर्धी महिनाभर शेजारणीने म्हटली. तिने ते कधी बोलूनही दाखवलं नाही. तो वाचला नाही. मी अजून त्या देवळात जाते. का जाते ते सांगता आलं असतं तर लिहिलं असतं.

आणि ओसरी, संत पौलाचं एक वाक्य आहे, कैदेत बसून लिहिलेल्या पत्रातलं: असेन त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. आमचे फादर 'शिकलो' या शब्दावर बोट ठेवायचे. समाधान अंगचं नसतं म्हणे, पोहण्यासारखं शिकावं लागतं, आणि शिकताना नाकातोंडात पाणी जातंच.

डॉ_बिनफीचे, मंगळवार संध्याकाळी ६.५५

वसईकरीण, तुमचं काम नाही तर कोणाचं?

अवांतर भर: २००१ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात इटलीतल्या संशोधकांचा छोटा अभ्यास आला होता. लॅटिनमधली रोझरी आणि तिबेटी मंत्र, दोन्ही म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास येते आणि हृदयाच्या ठोक्यांची लयही सुधारते, असं दिसलं. एरवी आपण मिनिटाला बारा-पंधरा घेतो. आता अभंगाचं एक चरण एका दमात म्हणून बघा. श्वास सोडणं लांबतं, घेणं आखूड होतं. काळजीत नेमकं उलटं होत असतं. हे समाधानाचं स्पष्टीकरण नाही, पण समाधान बसायला सतरंजी अंथरल्यासारखं आहे.

तर्ककर्कश, मंगळवार रात्री ९.१०

मग नुसतं प्राणायाम करा की. देव कशाला मध्ये?

नाना_टाळकरी, मंगळवार रात्री ९.३०

प्राणायामाला रात्री दोन वाजता पुढचा माणूस वीणा घ्यायला येत नाही, तर्कराव.

तर्ककर्कश, मंगळवार रात्री ९.३४

:) हा मुद्दा मान्य. सावकाराचा मुद्दा कायम.

धुळाक्षरे, बुधवार सकाळी १०.२५

सावकाराचा मुद्दा कायम राहू द्याच. मी थोडी वेगळी भर घालतो, कटू वाटेल.

'देवाचिये द्वारी उभा क्षणभरी' ही ओळ आमच्या घरात आजोबा कधी म्हणत नसत. का, ते मला मोठेपणी कळलं. आमच्या लोकांना द्वारीच उभं ठेवलेलं होतं, क्षणभर नाही, शेकडो वर्षं. चोखोबांची समाधी आजही पंढरपुरात महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. ते गेले कसे, तर मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम अंगावर कोसळून. बांधकामावर राबणारा माणूस, भिंतीखाली मेला, आणि देवळात पाऊल टाकायला मिळालं नाही ते नाहीच. विठ्ठल मंदिर आमच्यासाठी उघडलं १९४७ साली, साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा.

आता या माणसाने गायलं. 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' हे समाधानी माणसाचं गाणं वाटतं ना? नीट वाचा. 'काय भुललासी वरलिया रंगा' हे तो कोणाला विचारतोय? दारावरच्याला. स्तुती करता करता जाब विचारलाय. आणि त्यांचा मुलगा कर्ममेळा, त्याने तर आडपडदाच ठेवला नाही. 'आमुची केली हीन याती, तुज का न कळे श्रीपती' असं थेट देवाला विचारलं. हा अभंगही गाथ्यात आहे. वारकऱ्यांनी तोही जपला, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. कीर्तनात किती वेळा ऐकू येतो, ते तुम्हीच सांगा.

म्हणून माझं मत: दुसऱ्याला 'समाधान मान' म्हणायचा अधिकार कोणालाच नाही. ज्याचं त्याने गायलं तर ते गाणं. दुसऱ्याने गायला लावलं तर ती खडीसाखर, तर्ककर्कश म्हणतात ती.

ओसरीताई, तुमच्या आप्पांना कोणी गायला लावलेलं नाही. कर्णा लांब होता, खाट इकडे होती. त्यांचं ते गाणं आहे.

नाना_टाळकरी, बुधवार सकाळी ११.००

कमी ऐकू येतो. खरं आहे. पुढल्या एकादशीला मी घेतो तो अभंग. चाल बसवावी लागेल.

निफाडचा_घड, बुधवार रात्री १०.४५

मोबाईलवरून लिहितोय, बाग राखायला आलोय.

२०१४ ची गारपीट. फेब्रुवारी-मार्चमध्ये पंधरा दिवस राज्यभर चालली ती. माझा अडीच एकर माल आठ दिवसांत उतरायचा होता, व्यापारी दर ठरवून गेलेला. वीस मिनिटं गार पडली. नंतर बागेत गेलो तर ओलांड्यावर घड होते, पण मणी तडकलेले, रस गळत होता. दुसऱ्या दिवसापासून आंबूस वास आणि गांधीलमाश्या. तो वास मला अजून मार्च आला की येतो. बायकोला सांगितलेलं नाही.

आमच्या गावात छोटं चर्च आहे, तिथले पाळक ओळखीचे. तलाठ्याच्या पंचनाम्याला सगळे जमलो होतो, त्यांचीही थोडी बाग होती, तीही गेली. ते उभ्या उभ्या हळू आवाजात काहीतरी म्हणत होते. विचारलं तर म्हणाले, हबक्कूक नावाच्या संदेष्ट्याचं वचन आहे. अंजिराला फूल नाही आलं, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात दाणा नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. मला राग आला ओसरीताई, तुमच्यासारखाच. म्हटलं, आनंद? कशाचा? ते म्हणाले, आनंद मलाही होत नाहीये, म्हणून तर पाठ म्हणतोय.

मी माळकरी नाही. पण त्या महिन्यात घरात बसवत नव्हतं. बँकेचा फोन, खताच्या दुकानदाराचा फोन. रात्री औषधाच्या खोलीकडे लक्ष जायला लागलं, कळलं असेल मला काय म्हणायचंय. मग रोज रात्री मारुतीच्या देवळात भजनाला जाऊन बसायला लागलो. आवाज नाही मला, मागे बसून टाळ्या. घरी येईस्तोवर साडेअकरा, अंग दमलेलं, झोप लागायची. सकाळ व्हायची. अशा चाळीस-पन्नास सकाळी झाल्या, तोवर एप्रिल छाटणीचे दिवस आले. छाटणी थांबत नाही.

कर्ज फिटायला पाच वर्षं लागली. ते भजनाने फिटलं नाही. थोडं सरकारने, बरंचसं बायकोच्या पाटल्यांनी आणि दोन चांगल्या हंगामांनी. पण फेडायला मी होतो.

डॉ_बिनफीचे, बुधवार रात्री ११.०५

दादा, लिहिलंत हे फार बरं झालं. हे वाचणाऱ्या कोणाचं लक्ष आज त्या खोलीकडे जात असेल तर भजनाला जा, आणि डॉक्टरकडेही जा. '१४४१६' या टेलिमानसच्या क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही. त्या खोलीची किल्ली बायकोकडे द्या.

निफाडचा_घड, बुधवार रात्री ११.१२

दिलेली आहे. तेव्हापासून तिच्याकडेच आहे.

न्यूजर्सीची_काकू, गुरुवार पहाटे ४.५०

इकडे अजून बुधवारच आहे. माझं फार काही नाही. २०२० साली लॉकडाऊनमध्ये आई इचलकरंजीत वारली, मला जाता आलं नाही. त्या वर्षी पादुकाही एसटीतून पंढरपूरला गेल्या होत्या, आठवतं? टीव्हीवर ती फुलांनी सजवलेली एसटी बघून मी आई गेल्यावर पहिल्यांदा ढसाढसा रडले. वाटलं, माउलींनाही चालत जाता आलं नाही, मी कोण. आम्ही दहा-बारा जणी तेव्हापासून दर एकादशीला व्हिडिओ कॉलवर हरिपाठ म्हणतो. इंटरनेटमुळे सूर मागेपुढे होतो, ताल जुळतच नाही, कोणीतरी नेहमी आवाज बंद करून गात असते. तरी म्हणतो.

ओसरी, शुक्रवार रात्री १०.३०

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदोनदा वाचले. काही आईला वाचून दाखवले. नानांचा पहारा ऐकून आई म्हणाली, 'तुझ्या आप्पाचा पहारा दोन ते चारचाच असायचा, कोणी घेत नाही म्हणून.' मला ते माहीतच नव्हतं. मी लहानपणी झोपलेली असायचे.

धुळाक्षरे, तुमच्या आजोबांची गोष्ट वाचल्यावर काल दिवेलागणीला पहिली ओळ ऐकताना 'द्वारी' या शब्दाशी अडले. अजून अडलेलीच आहे.

घरी जे झालं ते सांगते. बुधवारी व्यायामवाला मुलगा आला, पाय उचलला, आप्पांनी त्याला ती तीन शब्दांची दिली. तो हसला आणि जोरात म्हणाला, 'काका, विठ्ठलाला पण द्या एखादी, त्यानेच केलंय.' मी आतून ऐकतेय, पोटात धस्स झालं, आता आप्पांना वाईट वाटणार. आप्पांनी भिंतीवरच्या विठोबाच्या तसबिरीकडे बघितलं. बराच वेळ. आणि शिवी दिली. अख्खी. मग हसले, अर्ध्या तोंडाने, लाळ गळली, आईने पदराने पुसली. आई भयंकर चिडली होती, तसबिरीला हात जोडून माफी मागत होती. संध्याकाळी कर्णा सुरू झाला तेव्हा त्याच तसबिरीकडे बघत आप्पा हरिपाठ म्हणाले. त्यांच्या लेखी काही बिघडलेलं नव्हतं.

माझा संताप गेला असं नाही. पण मला वाटत होतं आप्पा कौतुक करतायत आणि भांडण मला एकटीला करावं लागतंय. तसं नाहीये.

नाना_टाळकरी, शुक्रवार रात्री १०.४१

हाहाहा! माउली, तुकोबांनी 'माझे लेखी देव मेला' म्हटलंय. आप्पांनी त्या मानाने सौम्य घेतलं. आईंना सांगा, देवाला सवय आहे.

तर्ककर्कश, शुक्रवार रात्री १०.५८

आप्पांना माझा नमस्कार सांगा. त्या शिवीसाठी वेगळा.

डॉ_बिनफीचे, शुक्रवार रात्री ११.०२

कामाचं विचारतो. वाचा-उपचाराचं काय झालं?

ओसरी, शुक्रवार रात्री ११.१५

सोलापूरला एक बाई आहेत, आठवड्यातून एकदा जातोय, बाकी फोनवर दाखवतात. 'पाणी' शब्द त्यांनी सुरात घ्यायला सांगितलाय, पा वर, णी खाली. डाव्या हाताने मांडीवर ठेका. आप्पा ठेका बरोब्बर धरतात, पण तोंडातून 'पा' च्या जागी 'हरि' निघतं. मी मुद्दाम हरिपाठाची ओळ चुकीची म्हटली तर मांडीवर जोरात चापट मारून थांबवतात. मांडी लाल होते. टाळ द्यावा म्हटलं तर टाळाला दोन हात लागतात.

नाना_टाळकरी, शुक्रवार रात्री ११.२०

टाळ नका देऊ. वीणेकरी आहेत ना? मग उजव्या हाताने वीणेची तार छेडायचे आणि डाव्या हातात चिपळ्या, असंच असणार.

ओसरी, शुक्रवार रात्री ११.२१

हो! डाव्याच हातात.

नाना_टाळकरी, शुक्रवार रात्री ११.२६

मग त्या हाताला कोणी शिकवायला नको. त्यांच्याच जुन्या चिपळ्या शोधा, नव्या आणू नका, नवीच्या कडेला बोट कापतं. वीणेच्या खोळीतच असतील बहुतेक. अंगठ्याची कडी सैल झाली असेल तर दोरा गुंडाळा.

ओसरी, शनिवार सकाळी ८.१०

खोळीतच होत्या. आईने खोबरेल तेलाचं बोट फिरवलंय. कडी सैल आहे, दोरा शोधतेय.